विहिरीचा तळ आणि कांठावरचा माणूस

पाण्याखालीं दम धरण्याच्या विद्येचा इतिहास हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय समुद्राचा; पण बोलणारा मात्र अहमदनगराकडचा, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या कोरड्या जिल्ह्यांतला. या माणसास हा विषय सुचला तरी कसा, असें आपणांस वाटणें साहजिक आहे. त्याचें उत्तर हिवरे बाजार या गांवच्या एका विहिरींत आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

हिवरे बाजार हें माझें आजोळ. नगर शहरापासून १६-१७ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत हें गांव वसलें आहे. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही त्याची मर्जी असेल तर. पैलवानांचें गांव म्हणून त्याचा पूर्वीं लौकिक होता. थोरांची तालीम आखाड्यांत, तर आम्हां मुलांची विहिरींत चाले. प्रथम कमरेस दोर आणि पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून मुलास पाण्यांत सोडीत. हातपाय मारतां येऊं लागले म्हणजे भोपळा सुटे, मग दोर सुटे. पुढें सूर, मग मुटका, आणि शेवटची परीक्षा म्हणजे बुडी. तळाशीं जाऊन मूठभर गाळ वर आणावयाचा. मुठींत गाळ दिसल्याखेरीज तळ गांठल्याचें कोणी मान्य करीत नसे. त्यानंतर शर्यत लागे ती वेळेची. कोण किती अंक खालीं राहतो हें मोजण्यास एक जण पायरीवर बसे. या विद्येचा व्यवहारांतही उपयोग होता. विहिरींत घागर पडली तर आधीं गळ टाकून पाहत. गळास ती लागली नाहीं म्हणजे दमदार पोरास हांक येई, आणि घागर काढून दिल्यावर त्यास गुळाचा खडा मिळे.

कीर्तनांतून ऐकलेला, डोहांत लपलेला दुर्योधन आम्हांस आमचा मूळ पुरुष वाटे. त्यानें मायेनें पाण्याचें स्तंभन केलें होतें, दम कोंडला नव्हता, हें आम्ही सोयीनें विसरत असूं. खरा इतिहास मात्र राजांचा नव्हे. तो पोटासाठीं बुडणाऱ्या माणसांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत, पांड्य देशांत मोत्यांच्या शिंपा काढण्याचें काम शिक्षा झालेल्या कैद्यांकडून करवीत, असें नमूद आहे. पुढें शतकानुशतकें तुतिकोरिन आणि सिंहलद्वीप यांच्यामधील मानारच्या आखातांत हा धंदा चालला. पाणबुड्या जड दगडावर पाय ठेवून वेगानें तळास जाई, सुमारें एक मिनिटांत जाळीच्या पिशवींत शिंपा भरी, आणि दोरास हिसका देई. वर होडींत एक मनुष्य तो दोर हातांत धरून बसलेला असे. हिसका लागतांच तो त्यास ओढून घेई.

जपानांतील 'आमा' स्त्रियांची रीतिही अशीच. खोल पाण्यांत उतरणारी आमा वजन घेऊन खालीं जाते, आणि होडींतून तिचा दोर बहुधा तिचा नवराच ओढतो. कोरियाच्या जेजू बेटावरील 'हेन्यो' या पाणबुड्या स्त्रिया दोर वापरीत नाहींत, पण एकटीदुकटीनें कधीं उतरत नाहींत. त्यांच्यांत कौशल्याप्रमाणें कनिष्ठ, मध्यम व श्रेष्ठ अशा तीन पायऱ्या असतात. वर येऊन त्या श्वास सोडतात तेव्हां शिटीसारखा आवाज होतो, आणि त्या आवाजानें एकीची खुशाली दुसरीस कळते. दम संपत आला असतां आणखी एका शिंपेचा मोह धरूं नये, हें त्यांचें पहिलें शिक्षण. त्यांच्या या परंपरेस २०१६ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

पोटाची विद्या चढाओढीची झाली ती विसाव्या शतकांत. १९१३ सालीं ग्रीसच्या कार्पाथोस बेटाजवळ 'रेजिना मार्गारीटा' या इटालियन युद्धनौकेचा नांगर तुटून समुद्रांत पडला. तो काढण्यास हाजी स्टाटी या नांवानें प्रसिद्ध झालेला, समुद्रांतील स्पंज काढून पोट भरणारा एक ग्रीक पुढें आला. देहानें किरकोळ असा हा मनुष्य दगड हातीं धरून ७० मीटरांहून अधिक खोल गेला आणि नांगरास दोर बांधून आला. तरीही १९४९ सालीं रायमोंडो ब्युशे या इटालियन वैमानिकानें काप्रीजवळ ३० मीटर खोल बुडी मारण्याची पैज लावली, तेव्हां जाणत्यांनीं त्यास वेड्यांत काढलें. त्यांचा हिशोब बिनचूक दिसत होता. दर १० मीटरांस एक वातावरणाइतका दाब वाढतो; ३० मीटरांवर छातींतील हवा चौथ्या हिश्शाइतकी आक्रसते; तेव्हां फांसळ्या चुरडल्याच पाहिजेत! ब्युशे तळाशीं थांबलेल्या माणसाच्या हातीं पुडकें देऊन सुखरूप वर आला आणि ५०,००० लिरांची पैज जिंकला. हिशोबांत काय चुकलें होतें तें पुढें १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकन आरमाराच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें: दाब वाढतो तसें हातापायांतील रक्त छातीकडे सरकतें आणि रिकामी जागा भरून काढतें. थंड पाणी चेहऱ्यास लागतांच हृदयाची गति मंदावते, हेंही ठाऊक झालें. १९७६ सालीं झाक मायोल हा फ्रेंच पाणबुड्या एल्बा बेटाजवळ १०० मीटरांवर पोंचला. त्याचें वय तेव्हां ४९ होतें, आणि त्याच्या अभ्यासांत आपल्या योगविद्येस मोठें स्थान होतें.

आपल्याकडेही कुंभकाची शास्त्रीय परीक्षा त्याच्या कितीतरी आधीं सुरू झाली होती. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेंत नेले. कुंभकाची मात्रा हळूहळू आणि जाणत्याच्या देखरेखीखालींच वाढवावी, हा आपल्या परंपरेचा जुना दंडक. आजचा पाणबुड्याही प्रथम जमिनीवर पडूनच दम वाढवितो. एक रीति अशी कीं, दम धरण्याचा काळ तोच ठेवावयाचा आणि दोन दमांमधील विश्रांति दर खेपेस कमी करावयाची. दुसरी रीति अशी कीं, विश्रांति तीच ठेवून दम वाढवावयाचा. पहिलीनें गुदमरणें सोसण्याची संवय होते, तर दुसरीनें थोड्या प्राणवायूवर निभावण्याची.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. श्वास घ्यावा अशी जी अनावर ओढ लागते, ती मुख्यतः प्राणवायु संपल्यामुळें नव्हे, तर रक्तांत कर्बवायु साठल्यामुळें. कर्बवायु हा जणूं घरचा पहारेकरी आहे. बुडीपूर्वीं भात्यासारखे भराभर श्वास घेतले तर हा वायु बाहेर पडतो. प्राणवायूचा सांठा मात्र फारसा वाढत नाहीं. पहारेकरी झोंपतो, मनुष्यास वाटतें आपणांस दम पुष्कळ आहे, आणि कांहीं सूचना न मिळतां शुद्ध हरपते. खोल पाण्यांत ही भोंवळ बहुधा तळाशीं येत नाहीं. वर येतांना पाण्याचा दाब उतरतो, त्याबरोबर फुप्फुसांतील प्राणवायूचा दाबही उतरतो, आणि उजेड हातभर अंतरावर असतांना मनुष्य निपचित होतो. तो ओरडत नाहीं कीं हातपाय झाडीत नाहीं. म्हणून त्याच्यावर कोणाची तरी नजर असावी लागते.

हें ज्ञान मला पुस्तकांतून फार उशीरा मिळालें. १९७१ च्या उन्हाळ्यांत तें असतें तर पुढची गोष्ट घडली नसती. माझा मामेभाऊ आणि मी यांच्यांत शर्यत असे, आणि मी सारखा जिंकत असें. माझी युक्ति तीच, भराभर श्वास घेण्याची. ती मला आपोआप सांपडली होती आणि तिचा मला मोठा गर्व होता. एके दुपारीं त्यानें फार आर्जव केलें, तेव्हां मीं ती त्यास शिकविली. तो खालीं गेला. अंक मोजण्याचें काम माझ्याकडे होतें. ४० पर्यंत मीं मोजले. मग हातांत पाडाचा आंबा होता तो चोखूं लागलों. आपली युक्ति तो आपल्यावरच उलटविणार, या विचारानें मनांतून मी रागावलोंही होतों. पुढचे अंक मीं मोजलेच नाहींत. मोटेवर एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांस आम्ही सारीं मुलें तात्या म्हणत असूं. पाण्यावर येणारे बुडबुडे थांबले हें त्यांनीं धांवेवरून पाहिलें, आणि बैल तसेच सोडून धोतरासकट उडी घेतली. माझा भाऊ वांचला. आज त्यास नातवंडें आहेत. तात्या मला रागें भरले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "किती झाले होते रे?" मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या दिवसापासून त्यांनीं नियम घातला: कांठावरचा मोठ्यानें मोजील तरच दुसऱ्यानें बुडावें, आणि वर आलेल्यानें पायरीस हात लावून 'आलों' असें स्पष्ट म्हणावें, न म्हटलें तर बुडी धरावयाची नाहीं.

पुढें अनेक वर्षांनीं या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम माझ्या वाचनांत आले. ही 'आयडा' संस्था १९९२ सालीं फ्रान्समध्यें स्थापन झाली. किती खोल जाणार हें स्पर्धकास आदल्या दिवशींच सांगावें लागतें. दोराशीं त्यास बांधलेलें असतें, आणि वर येतांना अखेरच्या टप्प्यांत सोबतीचे पाणबुडे त्यास सामोरे जातात. वर आल्यावर १५ सेकंदांच्या आंत त्यानें तोंडावरील साधनें काढून, खूण करून, 'मी ठीक आहें' असें म्हणावयाचें. तें जमलें नाहीं तर सारी खोली फुकट. तें वाचतांना मला तात्यांचें 'आलों' आठवलें. या खेळांत एका जागीं निश्चल पडून दम धरण्याचा त्या संघटनेचा उच्चांक ११ मिनिटें ३५ सेकंदांचा. तो २००९ सालीं स्तेफान मिफ्सूद या फ्रेंच मनुष्यानें केला. स्त्रियांत नतालिया मोल्चानोव्हा या रशियन बाईनें २०१३ सालीं ९ मिनिटें २ सेकंद दम धरला. तीच बाई २०१५ च्या ऑगस्टांत स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ, स्पर्धेंत नव्हे, शिकवणी देतां देतां सहज म्हणून बुडाली. ती वर आलीच नाहीं आणि तिचा देहही सांपडला नाहीं. एवढ्या अधिकारी व्यक्तीसही ही विद्या एकटीच्या भरंवशावर तारूं शकली नाहीं.

आतां पुन्हां हिवरे बाजारकडे वळूं. १९७२ सालीं दुष्काळ पडला. ज्या तळाचा मूठभर गाळ आणण्यास आम्ही जीव कोंडीत असूं, त्या तळावर आम्ही पायऱ्या उतरून चालत गेलों. तेथें दोन चेपलेल्या घागरी आणि कोणाचें तरी जोडवें पडलेलें होतें. तळ गांठल्याचा आनंद कोणासच झाला नाहीं. त्यानंतर जिल्ह्यांत खोलीची दुसरीच शर्यत सुरू झाली. एकानें कूपनलिका पाडावी, शेजाऱ्यानें तिच्याहून खोल पाडावी, आणि दोघांच्याही विहिरी आटाव्या! जमिनीखालचें पाणी सर्वांचें एकच, आणि कांठावर मोजणारा कोणीच नाहीं, अशी ती शर्यत होती. लोक गांव सोडून मजुरीस जाऊं लागले.

१९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गांवानें मोजणारा माणूस पुन्हां कांठावर बसविला. डोंगरउतारावर समतल चर खणले, पाझर तलाव बांधले, झाडें लावलीं, श्रमदान केलें. १९९०-नंतरच्या दशकांत आदर्श गांव योजनेचें साह्य मिळालें. पण माझ्या मतें याहून मोठी गोष्ट नियमांची आहे. शेतीसाठीं कूपनलिका घ्यावयाची नाहीं. ऊंस-केळीसारखीं तहानलेलीं पिकें लावावयाचीं नाहींत. आणि दरवर्षीं पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद गांवापुढें मांडून, मग पेरणी ठरवावयाची. सांठा पाहून बुडी किती खोल मारावयाची हें आधींच ठरविणें, तें हेंच नव्हे काय? विहिरींना पाणी आलें, गेलेलीं कुटुंबें परतलीं, आणि २०२० सालीं श्री. पवार यांस पद्मश्री जाहीर झाली.

मागील उन्हाळ्यांत मी आजोळीं गेलों होतों. त्याच विहिरींत तीन-चार मुलें बुड्या मारीत होतीं, आणि एक मुलगी पायरीवर बसून मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजीत होती. मीं तिला आंबा देऊं केला. "आजोबा, तो वर आल्यावर खाईन," असें ती म्हणाली, आणि तिनें पाण्यावरची नजर काढली नाहीं.

श्रोतेहो, शहरांतील तलावांवर आपलीं मुलें आज ही विद्या हौसेनें शिकत आहेत. त्यांस अवश्य शिकूं द्यावें. मात्र घरीं आल्यावर, किती वेळ राहिलास असें विचारण्यापूर्वीं, कांठावर कोण होतें, हें विचारावें.