आणून देणारा कुत्रा आणि आडोशाचा बैल

मराठीत पारधीच्या शब्दांना तोटा नाही. फास, फासा, वागुरा, जाळे, सापळा, पिंजरा ही झाली साधने. पारध, मृगया, शिकार, हाका ही कामे. कुत्र्यांसाठीही शिकारी कुत्रा, पारधी कुत्रा असे शब्द आहेत. पण बंदुकीने पाडलेले पाखरू गवतातून हुडकून, दातही न लावता, मालकाच्या हातात आणून देणाऱ्या कुत्र्यासाठी आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. ‘रिट्रीव्हर’ हे नाव आपण जसेच्या तसे उचलले, तेही बहुतांशी बंगल्यातल्या लॅब्रॅडॉरसाठी. त्याने कधी तितर उचलून आणावा अशी त्याच्या मालकाची अपेक्षाही नसते. शब्द नाही याचा अर्थ आपल्या मुलखात पाखरांची पारध नव्हती असा होत नाही. तिची रीत वेगळी होती आणि तिच्यात शिकवलेले जनावरही वेगळे होते. अमरावती-अकोल्याच्या मुलखापुरते या वेगळेपणाचे काय दिसते, ते या लेखात मांडायचे आहे.

आधी इंग्रजी रीत पाहू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला होती; उन्हाळ्यासाठी वर चिखलदरा होते. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. अधिकारी आले, बंदुका आल्या आणि काहींच्या मागोमाग कुत्रीही आली. वऱ्हाडचा हिवाळा पाखरांच्या शिकारीला अनुकूल. ज्वारी निघालेली, तूर उभी, धुऱ्यावर तितर, गवतात लावे आणि बटेर, पाणवठ्यावर पखुर्ड्या. अडचण शिकार पडल्यावर सुरू होई. वाळल्या गवताच्या रंगाचे पाखरू वाळल्या गवतात पडले की दहा पावलांवरूनही दिसत नाही. जखमी असेल तर ते उडत नाही, पळते आणि झुडपात दडते. इंग्रजांच्या देशात या अडचणीवर उपाय म्हणूनच आणून देणारा कुत्रा घडवला गेला.

त्याचे शिक्षण ऐकण्यासारखे आहे. पिल्लाला पहिला धडा आणण्याचा देत नाहीत, बसण्याचा देतात. बंदूक वाजली तरी बसायचे, पाखरू डोळ्यांसमोर पडले तरी हुकमाशिवाय हलायचे नाही. मग अरुंद बोळात गाठ मारलेले फडके टाकायचे, म्हणजे पिल्लाला ते तोंडात धरून परत यायला एकच वाट उरते. ते घेऊन पळाले तर मागे धावायचे नाही, उलट दिशेने चालू लागायचे. पिल्लू आपोआप मागे येते. तोंडातली वस्तू ओढायची नाही, कारण ओढले की दात आवळतात. फडक्यानंतर सशाचे कातडे, मग मेलेले कबुतर आणि शेवटी रान. सगळ्यात अवघड गोष्ट मऊ तोंडाची. ज्याची जात मांस खाणारी, त्याने तोंडात आलेले पाखरू चावायचे नाही. दात लावणाऱ्या कुत्र्याची खोड मोडायला खिळे टोचलेली गुंडाळी तोंडात देण्याची क्रूर चालही त्या काळच्या कुत्री शिकवणाऱ्यांत होती. या विद्येवर इंग्रजीत पुस्तकेच्या पुस्तके निघाली. कर्नल हचिन्सन यांचे कुत्रा-शिक्षणावरचे पुस्तक १८४८ चे. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या.

वऱ्हाडात मात्र या कुत्र्याचे हाल. कोरड्या हवेत वास टिकत नाही, त्यामुळे ऊन चढले की त्याचे नाक चालत नाही. कुसळी गवताची टोके पंजांत आणि कानांत शिरतात. गोचिडी आहेत, साप आहेत, आणि मेळघाटच्या बाजूला बिबट्या आहे. त्याला कुत्र्यासारखे आवडते भक्ष्य दुसरे नाही. म्हणून साहेबाचे पाखरू पुष्कळदा माणूसच आणून देई. गावातले पोर, हाक्याचा गडी किंवा वाट दाखवायला घेतलेला पारधी पडलेल्या जागेवर नजर ठेवून धावे.

इथे एक फरक लक्षात येतो. आपल्याकडच्या जुन्या शिकारीत जनावर धरून ठेवते आणि माणूस त्याच्याजवळ जातो. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वराने लिहवलेल्या ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांचा विनोद आहे, ससाण्यांचा आहे, पाळीव हरणाच्या भुलवणीने केलेली मृगयाही आहे. ‘ऐने अकबरी’त शिंगांना जाळे बांधलेल्या पाळीव हरणाचे वर्णन येते. रानातले हरीण त्याच्याशी झुंजायला येते आणि जाळ्यात अडकते. ससाणा पाखरावर बसून राहतो, बाजदार तिथवर जातो. चित्ता काळविटाचा गळा धरून बसतो. चित्तेपारधी जवळ जाऊन त्याला पळीभर रक्त देतो, डोळ्यांवर टोपी चढवतो आणि सोडवून घेतो. जागेवर उभे राहून जनावराकडून आणवून घेणे, हा हुकमाचा थाट बंदुकीबरोबर आला.

आता वऱ्हाडची स्वतःची रीत. ती फासेपारध्यांची. पारध्यांचे अनेक पोटभेद इंग्रज अंमलदारांनी नोंदवले: फासेपारधी, लंगोटी पारधी, चित्तेपारधी, गायीच्या आडून पारध करणारे गायपारधी आणि जात्याला टाकी लावत गावोगाव हिंडणारे टाकणकर. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीने त्यांची बोली भिल्ली गटात, गुजरातीच्या जवळ ठेवली. पवार, चव्हाण, सोळंकी ही कुळनावे त्यांच्यात आहेत. अमरावती, अकोला आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात त्यांचे बेडे आजही आहेत.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडांच्या ग्रंथात पारध्यांवर प्रकरण आहे. त्यात व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या आपल्या पुस्तकात केलेले फासेमारीचे वर्णन उद्धृत केले आहे. त्याचा आशय असा. मोर, सारस, माळढोक यांच्यासाठी फाशांची लांब माळ असते. प्रत्येक फाशाला लाकडी खुंटी आणि सगळे फासे एका दोरीत गुंफलेले. फासा उघडा राहावा म्हणून त्याच्या गाभ्यात हरणाच्या शिंगाची बारीक, लवचिक पट्टी. सोबत मातकट रंगाचा, डोळ्यांपुरती भोके पाडलेला कापडी आडोसा आणि एक शिकवलेला बैल. चरणारा थवा दिसला की पारधी बैलाच्या आणि आडोशाच्या मागून, वेसणीच्या दोरीने बैल हाकत, थव्याभोवती वळसा घेतो. पाखरे चरतच राहतात. तो भराभर खुंट्या ठोकतो आणि मग विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो. माणूस दिसताच पाखरे पळतात आणि पाय फाशात अडकून पडतात.

हे सगळे पाखराच्या स्वभावावर बेतलेले आहे. मोर, तितर, लावा ही जमिनीवरची पाखरे. धोका दूर असेल तर ती आधी पळतात; अगदीच अंगावर आले तर उडतात. चरणारे गुरू त्यांना धोक्याचे वाटत नाही, दोन पायांवरचा माणूस वाटतो. म्हणून जाताना चार पायांच्या आड जायचे आणि शेवटी, नेमक्या अंतरावर, दोन पायांवर प्रकट व्हायचे. अंतर थोडे चुकले तर पाखरू पळण्याऐवजी उडते आणि मांडलेले फासे वाया जातात.

अमरावती जिल्ह्यातल्या एका बेड्यावर एका वृद्ध पारध्याला मी विचारले, “बाबा, पाखरांच्या कामाले तुम्ही कुत्रं नेत होते का?” बेड्यावर कुत्री होती, राखणीला होती आणि पूर्वी सशा-घोरपडीमागे जात असत, हे मला ठाऊक होते. बाबा हसले. म्हणाले, “कुत्रं कायले नेऊ सर? कुत्रं पाह्यलं का लावा उडते. आमाले त तो चालत पाह्यजे.” कुत्र्याचा सगळा उपयोग पाखरू उडवण्यात आणि पडल्यावर आणण्यात. फाशाचा सगळा उपयोग पाखरू न उडण्यात. साहेबाचा कुत्रा ज्या अडचणीवर उपाय होता, ती अडचण फासेपारध्याला कधी पडलीच नव्हती.

त्याला पाखरू जिवंत हवे होते, याचे कारण बाजारात आहे. वऱ्हाडच्या उन्हात मेलेले पाखरू काही तासांत खराब होते. गिऱ्हाइकांत मुसलमान पुष्कळ. त्यांना हलाल करायला जिवंत पाखरू लागे. आठवडी बाजारात टोपलीतला जिवंत लावा दिवसभर टिके, छऱ्याने पडलेला टिकत नसे. बॉलने याच गोष्टीची दुसरी बाजूही लिहिली आहे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत पाखरू निसटू नये म्हणून मोराच्या पापण्या पिसाने शिवल्यासारख्या बंद करत, लहान पाखरांचे पाय-पंख मोडत. हे क्रूर होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. फक्त ते वाचताना खिळे टोचलेली गुंडाळीही लक्षात ठेवावी.

मात्र या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते एक विशेषण: ‘शिकवलेला’ बैल. फासा कसा, खुंटी कशी, शिंगाची पट्टी कशी, हे बॉलने बारकाईने पाहिले. बैलाबद्दल एवढा एकच शब्द. तो कोणी शिकवला, गोऱ्हा कसा निवडला, किती दिवस लागले, हे त्याने विचारले नाही आणि रसेल-हिरालाल यांनीही विचारले नाही. कुत्र्याच्या पिल्लाला बसायला कसे शिकवावे यावर कपाटभर पुस्तके आणि या बैलाच्या वाट्याला एक विशेषण.

तरी त्या वर्णनातूनच बैलाचा अभ्यासक्रम काही प्रमाणात मांडता येतो. पहिले, त्याने सरळ चालायचे नाही. चरत चरत वळसा घ्यायचा आणि वर्तुळ हळूहळू आवळायचे. दुसरे, माणूस खुंटी ठोकायला वाकला की थांबायचे, नाहीतर आडोसा पुढे आणि माणूस उघड्यावर. तिसरे आणि सर्वांत अवघड, पायाशी पाखरू फडफडले तरी बुजायचे नाही. बैल मुळात बुजरे जनावर. कुत्र्याला चावण्याची ओढ आवरायला शिकवावे लागते, बैलाला भीती आवरायला. दोन्हीकडे शिक्षणाचे सार एकच: जनावराने आपल्या जन्मजात स्वभावातली एक गोष्ट माणसाच्या भरवशावर सोडून देणे. बाबांनाही हेच सांगायचे असावे. ते म्हणाले, “बैल भेला, त सारंच गेलं.”

पाळलेल्या तितराचे शिक्षण आणखी निराळे. पिल्लापासून वाढवलेला नर पिंजऱ्यात, पिंजऱ्यावर फडके. रानात पिंजरा ठेवून फडके काढले की तो खणखणीत ओरडतो. तितर आपल्या हद्दीबाबत फार मानी. परक्या नराचा आवाज ऐकून रानातला नर झुंजायला धावून येतो आणि पिंजऱ्याभोवती मांडलेल्या फाशांत सापडतो. इथे शिकवायचे म्हणजे माणसाची भीती घालवायची; ओरडणे त्याच्या रक्तातच असते. शिवाय पारध्याजवळ हरणाच्या शिंगाची शीळ असे. तिच्यातून तो स्वतः पाखरांचे आवाज काढी.

ही विद्या नोंदली गेली ती कोणत्या पुस्तकांत, हेही पाहायला हवे. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातले मेजर गंथॉर्प यांचे १८८२ चे पुस्तक पारधी, टाकणकर यांची माहिती देते, पण गुन्हेगार जमातींच्या यादीत. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. रानात चोरपावलांनी चालणे, आडोशामागे लपणे, वेगवेगळे आवाज काढणे ही पारध्याची कौशल्ये. पोलिसांच्या पुस्तकात तीच संशयाची लक्षणे ठरली. त्याच काळात कापसाने वऱ्हाड बदलत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने भाव चढले, रेल्वे आली आणि नांगर गवताळ माळांवर गेला. पारध्याचे रान आधी कमी झाले. त्याच्या विद्येला बंदी नंतर आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि पारधी कागदावर विमुक्त झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासाच बेकायदा ठरला. माळढोक आणि तणमोर ज्या वेगाने संपत होते, ते पाहता तो कायदा आवश्यक होता. पण पारध्याच्या हातातून फासा काढून घेताना त्या हाताला दुसरे काय द्यायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

उत्तराचा एक प्रयत्न याच मुलखात झाला आहे. तणमोर हा पावसाळ्यात गवतात वीण करणारा पक्षी. नर गवतावर उंच उड्या मारतो आणि बंदूकवाल्यांना त्यामुळेच सोपा सापडे. उरलेल्या वेळी तो पाच पावलांवर असूनही दिसत नाही. अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे आणि ‘संवेदना’ या संस्थेने तणमोराच्या शोधासाठी आणि रक्षणासाठी फासेपारध्यांनाच सोबत घेतले. ज्यांच्या पूर्वजांनी पाखरू कुठे पळेल हे ओळखून फासे लावले, तेच आता ते कुठे घरटे करील हे ओळखून गवत राखतात. वऱ्हाडात ज्याला ई-क्लास म्हणतात त्या गायरान जमिनीवरचे गवत टिकले, तरच तणमोर टिकेल. ते गवत वाचू शकणारी माणसे बेड्यांवर आहेत.

दुसरा प्रयत्न शाळेचा. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. तिथली मुले मराठी लिहितात आणि घरी वाघरी बोलतात. बॉल आणि गंथॉर्प यांच्याजवळ नसलेली एक गोष्ट या मुलांजवळ आहे: आजोबांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारण्याची सोय.

म्हणून एक सूचना करून थांबतो. अमरावतीला विद्यापीठ आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. लोकभाषा, पशुपालन आणि गवताळ माळ हे तिन्ही विषय या दोन ठिकाणी शिकवले जातात. बैल प्रत्यक्ष शिकवलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. गोऱ्हा कोणत्या वयात हाती धरत, वेसणीच्या कोणत्या ओढीला तो थांबे, पहिल्यांदा पाखरू फडफडले तेव्हा त्याला कसे शांत करत, हे बेड्यावर बसून, वाघरीत विचारून, मराठीत लिहून घ्यायला हवे. पकडण्यासाठी तो बैल आता कोणाला नको आहे. पण १८८० साली एका शब्दात आटोपलेला तो मजकूर पुरा करणे आपल्या पिढीला अजून शक्य आहे, पुढच्या पिढीला ते राहणार नाही.