तुकडोजी महाराजांचं संगीत: खंजिरीवरची भजनं कशी ऐकायची?

नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव आहे. 'ग्रामगीता' कित्येक घरांत आहे. मोबाईलवर तर रोज त्यांच्या फोटोसोबत कुठला ना कुठला सुविचार येतोच. पण राष्ट्रसंत म्हणून ओळखले जाणारे महाराज आधी गायक होते. लोक त्यांना ऐकायला यायचे, वाचायला नंतर लागले.

आर्णीकडच्या गावांत संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी ही त्यांच्या गाण्याची तोंडओळख.

तुकडोजी महाराज कोण होते?

मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली गाव. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिलं आणि तेच रूढ झालं. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम सुरू झाला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचं निधन झालं.

मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजनं रचली.

खंजिरी म्हणजे काय?

लाकडी कडं, एका बाजूला मढवलेलं चामडं आणि कड्यात बसवलेल्या छोट्या झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने वाजवायची. ताल आणि छनछनाट दोन्ही एकाच वाद्यातून निघतात. झोळीत टाकून पायी गावोगाव फिरता येतं, हा आणखी एक फायदा.

महाराज स्वतः खंजिरी वाजवत गायचे. चाली सोप्या, शब्द बोलीतले. एक ओळ त्यांनी म्हणायची, मागोमाग सगळ्या गावाने. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही दोन-तीन वेळा ऐकून भजन पाठ व्हायचं.

मग त्यात नवीन काय होतं?

भजनाचा साचा जुनाच, विषय मात्र बदलले. देवाच्या नामासोबत गावाची सफाई, दारू, अस्पृश्यता, अंधश्रद्धा आणि स्वातंत्र्य हे सगळं भजनात आलं.

असं जगात इतर ठिकाणीही घडलं आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं रोजच्या आयुष्याकडे वळलं आणि त्यातून 'सोल' संगीत उभं राहिलं. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये चर्चच्या गाण्याचा ढंग प्रेमगीताला दिला. चर्चच्या गाण्यातूनच पुढे आलेल्या सॅम कुक यांचं १९६४ चं 'अ चेंज इज गॉना कम' नागरी हक्कांच्या चळवळीचं गाणं झालं. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही, पण वाट सारखी आहे. लोकांना आधीपासून येणारं भक्तीचं गाणं घ्यायचं आणि त्यात आजचा प्रश्न मांडायचा.

या भजनांची सरकारला भीती का वाटली?

ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. महाराजांच्या भजनांनी लोक पेटले, असं सरकारला वाटलं. त्यांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं गेलं. पत्रक जप्त करता येतं, पण गावाला पाठ झालेलं भजन कसं जप्त करणार?

१९५५ मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेलाही ते गेले होते.

सुरुवात कुठून करायची?

• 'या झोपडीत माझ्या': झोपडी आणि महाल यांची तुलना. अनेकांनी शाळेत वाचलं आहे, आता चालीत ऐका.

• 'मनी नाही भाव': दिखाऊ भक्तीवर थेट टीका. विनोदी वाटतं, पण चांगलंच बोचतं.

• 'हर देश में तू': हिंदी भजन. एकच ईश्वर, रूपं अनेक.

ही तीन झाली की 'ग्रामगीता' उघडा. तिचे ४१ अध्याय ओवीत आहेत, त्यामुळे मनात न वाचता मोठ्याने म्हणून बघा.

शक्य असेल तर आश्विन महिन्यात पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीला जा. तिथे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक एकाच वेळी स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात.

फॉरवर्ड आलेलं भजन त्यांचंच कशावरून?

शेवटचं कडवं बघा. जुन्या संतांप्रमाणे महाराजही भजनाच्या शेवटी आपलं नाव गुंफतात: 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास'. रीलमध्ये बहुतेक वेळा पहिल्या दोन ओळीच असतात आणि हे कडवं कापलं जातं. नाव दिसलं म्हणजे शंभर टक्के खात्री झाली असं नाही, पण संपूर्ण भजन मिळाल्याशिवाय खाली त्यांचं नाव टाकून पुढे पाठवू नये.

आणखी एक गोष्ट. फॉरवर्डमध्ये गोड ओळी टिकतात आणि बोचणाऱ्या गळतात. ज्यांनी दिखाऊ भक्तीवर भजनं रचली, त्यांचा फक्त हार घातलेला फोटो फिरत राहतो. म्हणून भजन ऐकायचं तर शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका.