कटिंग लिस्टची कुळकथा

लोखंड किलोवर विकत मिळतं आणि मापावर कापलं जातं. या दोन हिशेबांचा मेळ घालता घालता कटिंग लिस्ट जन्माला आली. वसमतच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे हळद पॉलिश करायच्या ड्रमचं स्टँड टाका किंवा शेतातल्या शेडची चौकट. वेल्डिंगचा हँडल हातात घेण्याआधी त्याला दोन प्रश्न सोडवावेच लागतात. कुठल्या मापाचे किती तुकडे लागणार? आणि ते सहा-सहा मीटरच्या किती नगांतून, कसे काढायचे?

दुसरा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. समजा, शेडला 3200 मिलिमीटरचे चार खांब आणि 2700 चे चार आडवे लागतात. एका मापाचे तुकडे एकदम कापत गेलं, तर खांबांना चार अँगल जातात आणि आडव्यांना दोन. तेच प्रत्येक अँगलमधून एक खांब आणि एक आडवा काढला, तर चारांत काम भागतं. 50×50×6 चा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो. म्हणजे 54 किलो लोखंड कमी आणावं लागतं. मुरलेला मिस्त्री हे तोंडी करतो, आणि कटरची चकती दर कापाला जे सुमारे 3 मिलिमीटर खाते तेही धरतो. सहा मीटरमधून दोन मीटरचे तीन तुकडे फक्त कागदावर निघतात. प्रत्यक्षात तिसरा आखूड पडतो, हे त्याला शिकवावं लागत नाही.

गणिताने आधी हात घातला तो याच दुसऱ्या प्रश्नाला. लेनिनग्राडच्या एका प्लायवूड उद्योगाची अडचण लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे आली आणि त्यातून 1939 मध्ये उत्पादनाच्या नियोजनावरची त्यांची पुस्तिका निघाली. कच्चा माल कमीत कमी वाया जाईल असा कसा कापावा, हा तिच्यातल्या प्रश्नांपैकी एक. पुढे 1951 मध्ये व्हिक्टर झालगालर यांच्यासोबत त्यांनी केवळ कापणीवर पुस्तक लिहिलं; 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेलही त्यांना मिळालं. मापं वाढली की कापणीचे संभाव्य नमुने लाखांच्या घरात जातात. आयबीएमच्या गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये त्यावर तोड काढली: सगळे नमुने मांडत बसायचं नाही, दर फेरीला हिशेब सुधारेल असा नवा नमुना तेवढा शोधायचा. मला या साऱ्या कथेतली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

पहिला प्रश्न, म्हणजे तुकड्यांची यादी, मात्र दीर्घकाळ हातानेच सुटत राहिला. ड्राफ्ट्समन नकाशावरून तुकडे मोजायचा. नकाशा बदलला की यादी शिळी. सॉलिडवर्क्स हे कॅडचं, म्हणजे संगणकावर नकाशा काढायचं सॉफ्टवेअर 1995 मध्ये आलं आणि त्याच्या 2004 च्या आवृत्तीत वेल्डिंगच्या सांगाड्यांसाठी वेगळी सोय झाली. आधी नुसत्या रेषांचा सांगाडा काढायचा, प्रत्येक रेषेला अँगल, चॅनेल किंवा चौरस पाइपचा छेद द्यायचा आणि कोपरे छाटायचे. सारखे तुकडे सॉफ्टवेअर स्वतः एकत्र करतं. लांबी, दोन्ही टोकांचे कोन आणि नग यांचा तक्ता तयार होतो. तरी एका टोकाला तिरपा काप असलेल्या अँगलकडे डोळ्यांनी बघून घ्यावं. लांबी तीच, कोन तोच, पण डावा तुकडा उजवीकडे बसत नाही.

आता गिऱ्हाईक म्हणालं, शेड 100 मिलिमीटर उंच करा. नकाशात 3200 चे 3300 केले की तक्ता क्षणात बदलतो. पण 3300 आणि 2700 मिळून 6000 झाले. चकतीने खाल्लेले 3 मिलिमीटर आणायचे कुठून? जोडी मोडली आणि चारांचे पुन्हा सहा अँगल झाले. यादी बरोबर असूनही खरेदी चुकू शकते, ती अशी. कॅडचा तक्ता पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्यासाठी तो कापणीची जुळणी करणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये घालावा लागतो, नाहीतर मिस्त्रीच्या हाती द्यावा लागतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही जवळच आहे. वसमत ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तिथेच औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. अमेरिकेतल्या तशाच वेधशाळांमध्ये या भुजांच्या नळ्या 3 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पत्र्याला पीळ देऊन वेल्ड केलेल्या, सुमारे 20 मीटर लांबीच्या नगांच्या आहेत. एका वेधशाळेला असे सुमारे 400 नग लागतात. नळीपुरती त्यांची यादी एका ओळीत संपते. गावातल्या शेडची यादी मात्र थोड्या नगांची आणि भरपूर मापांची असते, म्हणून उरलेल्या तुकड्याचा प्रश्न शेडवाल्यालाच जास्त छळतो.

जुळणीचा प्रोग्रॅम, वेगळं काही सांगितलं नाही तर, कोऱ्या सहा मीटरपासून हिशेब धरतो. दुकानाचा हिशेब कोपऱ्यात उभ्या केलेल्या तुकड्यांपासून सुरू होतो: कुठे 2800 चा अँगल, कुठे 600 चा. त्यांच्यावर खडूने लांबी लिहून ठेवावी आणि प्रोग्रॅमच्या मालाच्या रकान्यात तीच मापं आधी भरावीत. पुष्कळशा प्रोग्रॅममध्ये ती सोय असते. नवा अँगल किती लागतो ते त्यानंतर बघावं.