टास्मानिया बर्लिन : १९६५–६६ चा हंगाम

जर्मन फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतील, म्हणजे बुंडेसलिगातील, आजवरचा सर्वांत वाईट हंगाम. पश्चिम बर्लिनच्या नॉयकोल्न भागातील ‘टास्मानिया १९००’ या संघाने ३४ पैकी २ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि २८ गमावले. त्याने १५ गोल केले आणि १०८ गोल स्वीकारले. विजयाला दोन गुण देण्याच्या तेव्हाच्या पद्धतीनुसार संघाला अवघे ८ गुण मिळाले.

या अपयशाचे मूळ मैदानाबाहेर होते. बर्लिनची भिंत १९६१ मध्ये उभी राहिली आणि वेढलेल्या त्या शहरात खेळायला यायला चांगले खेळाडू राजी होईनात. त्यांना आणण्यासाठी हेर्था या बर्लिनच्याच क्लबने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे मोजले. हे उघडकीस आल्यावर १९६५ मध्ये त्याची बुंडेसलिगातून हकालपट्टी झाली. मात्र पश्चिम बर्लिनचा एक तरी संघ देशाच्या मुख्य स्पर्धेत असलाच पाहिजे, हा शीतयुद्धाच्या काळातील राजकीय आग्रह होता. बर्लिनच्या प्रादेशिक लीगचा विजेता टेनिस बोरुसिया बढतीच्या सामन्यांत अपयशी ठरला होता, दुसऱ्या क्रमांकाच्या श्पांडाऊने नकार दिला, म्हणून जागा तिसऱ्या क्रमांकाच्या टास्मानियाकडे आली. तीही हंगाम तोंडावर आला असताना. कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीचा संघ पंधरवड्यात देशाच्या अव्वल लीगमध्ये उतरवावा, तसा हा प्रकार. या हंगामाचे खापर खेळाडूंवर फोडणे अन्यायाचे आहे. ज्यांनी त्यांना तिथे पाठवले, जबाबदारी त्यांची.

सुरुवात मात्र स्वप्नवत झाली. १४ ऑगस्ट १९६५ रोजी ऑलिंपिक स्टेडियमवर ८१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर टास्मानियाने कार्ल्सरूहेला २–० ने हरवले. दोन्ही गोल वुल्फ-इंगो उसबेक याचे. त्यानंतर सलग ३१ सामने विजय मिळाला नाही. दोन विश्वचषक खेळलेला होर्स्ट शिमानियाक संघात होता, पण एकट्याच्या अनुभवावर संघ तरत नाही. मध्येच प्रशिक्षक बदलला, तरी घसरण थांबली नाही. २६ मार्च १९६६ रोजी माइडरिशने टास्मानियाचा त्याच्याच घरच्या मैदानावर ०–९ असा पराभव केला. परमैदानावर तर एकही सामना जिंकता आला नाही.

प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. १५ जानेवारी १९६६ रोजी बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखविरुद्धचा सामना पाहायला त्याच अवाढव्य स्टेडियममध्ये केवळ ८२७ जण होते. कोरोनाकाळातील निर्बंधांचे सामने वगळता बुंडेसलिगातील ही नीचांकी उपस्थिती. तो सामना टास्मानियाने ०–० असा बरोबरीत राखला, आणि माझ्या मते त्या हंगामातील त्यांची हीच सर्वांत मानाची कामगिरी. कारण हरण्याची सवय लागलेला संघ रिकाम्या बाकांसमोरही झुंजला. दुसरा विजय मे महिन्यात, बोरुसिया नॉयनकिर्शनवर २–१ असा आला. पदावनती कधीच निश्चित झाली होती.

१९७३ मध्ये क्लबचे दिवाळे निघाले आणि त्याच वर्षी त्याचा वारसा सांगणारा नवा क्लब स्थापन झाला. २०१९–२० आणि २०२०–२१ या दोन हंगामांत मिळून शाल्के संघ सलग ३० सामने विजयाविना राहिला, तेव्हा हा जुना नकोसा विक्रम पुन्हा चर्चेत आला. ९ जानेवारी २०२१ रोजी शाल्केने होफेनहाइमला ४–० ने हरवले. सलग ३१ विजयहीन सामन्यांचा विक्रम टास्मानियाच्याच नावावर राहिला.