घाट चढताना दम निघतो? रोड सायकलचे गिअर हलके कसे करायचे, ते समजून घ्या

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा सायकलसाठी तसा सोपा. काटई-बदलापूर रोडवर ट्रॅफिक सोडलं तर पायाला फारसा त्रास नाही. पण बदलापूरहून वांगणी, शेलू करत नेरळला पोहोचलात आणि माथेरानचा घाट सुरू झाला, की तीच रोड सायकल एकदम जड वाटू लागते. सगळ्यात हलका गिअर टाकलेला असतो, तरी पेडल फिरत नाही. मग एकच प्रश्न पडतो: यापेक्षा हलका गिअर मिळेल का?

मिळतो, आणि बहुतेक वेळा नवी सायकल न घेता मिळतो. फक्त पार्ट मागवण्याआधी थोडं गणित करावं लागतं. या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

आधी घाट समजून घ्या

१० टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर वर. नेरळहून दस्तुरीपर्यंतचा रस्ता साधारण ७-८ किलोमीटरमध्ये ७०० मीटरच्या आसपास चढतो. म्हणजे सरासरीच ९ टक्क्यांच्या जवळ, आणि वळणांवर त्याहून जास्त. तुलनेसाठी शेजारची मिनी ट्रेन बघा. १९०७ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे डोंगरावर जायला सुमारे २१ किलोमीटर वळणं घेते आणि तिचा कमाल चढ २० ला १, म्हणजे ५ टक्के आहे. इंजिनाला जो चढ नको होता, त्याच्या जवळपास दुप्पट चढ आपण पायांनी चढतो. त्यामुळे दोष लगेच स्वतःच्या फिटनेसला देऊ नका.

गिअर हलका म्हणजे नक्की काय?

पुढच्या चेनरिंगचे दात भागिले मागच्या चक्रीचे दात, हा झाला गिअर रेशो. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर रेशो १.२१. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक १.२१ वेळा फिरतं. रोड सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणून एका फेऱ्यात सायकल अंदाजे २.५५ मीटर पुढे जाते. हे अंतर जितकं कमी, तितका गिअर हलका.

मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात त्याला कॅडन्स म्हणतात. सेन्सर नसला तरी चालेल. मोबाईलच्या जीपीएस ॲपवर वेग बघा आणि हे सूत्र वापरा:

कॅडन्स = वेग (किमी/तास) × ८ × मागचे दात ÷ पुढचे दात

आता खरं उदाहरण घेऊ. तुम्ही आणि सायकल मिळून वजन ८० किलो, आणि पायांची ताकद सलग १५० वॅट. १० टक्के चढावर तुमचा वेग साधारण ६.५ किमी/तास राहील. गिअर कुठलाही असो, याच ताकदीत वेग एवढाच. बदलतो तो कॅडन्स:

- पुढे ३४, मागे २८: सुमारे ४३
- पुढे ३४, मागे ३२: सुमारे ४९
- पुढे ३४, मागे ३४: सुमारे ५२
- पुढे ३०, मागे ३४: सुमारे ५९

म्हणजे हलक्या गिअरने तुम्ही जोरात जाणार नाही. पण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर येणारा जोर कमी होतो. ४३ वर अर्धा तास रेटणं आणि ५९ वर फिरवणं यातला फरक दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो.

पायरी १: तुमच्याकडे काय आहे ते मोजा

मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर बहुतेक वेळा दातांचा आकडा कोरलेला असतो. नसेल तर एका दातावर खडूने खूण करा, फोटो काढा आणि झूम करून मोजा. पुढच्या दोन्ही चेनरिंग मोजा. ५०/३४ ला कॉम्पॅक्ट म्हणतात, ५२/३६ आणि ५३/३९ त्याहून जड. डिरेलरच्या मागे कोरलेला मॉडेल नंबरही फोटोत घ्या, पुढे लागेल.

पायरी २: कॅसेट की फ्रीव्हील?

स्वस्त ७ स्पीड सायकलींना अनेकदा आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं, महाग सायकलींना कॅसेट. ओळखायची युक्ती सोपी आहे. मागचं चाक काढा आणि चक्र्या उलट्या फिरवा. मधली, टूल बसायची खाच चक्र्यांबरोबर फिरली तर कॅसेट, खाच जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फ्रीव्हील असेल तरी निराश होऊ नका, ७ स्पीडमध्ये १४-३४ दातांचं फ्रीव्हील मिळतं.

पायरी ३: डिरेलर झेपेल का?

पैसे वाया जातात ते इथेच. मागच्या डिरेलरला दोन मर्यादा असतात: सगळ्यात मोठी चक्री किती दातांची चालेल, आणि एकूण किती सैल चेन तो ओढून धरू शकेल. दुसरीला टोटल कपॅसिटी म्हणतात. तिचं गणित असं:

(पुढची मोठी − पुढची छोटी) + (मागची मोठी − मागची छोटी)

५०/३४ आणि ११-३४ साठी: १६ + २३ = ३९.

शिमानोच्या १०५ आर७००० मालिकेत दोन डिरेलर आहेत. छोट्या पिंजऱ्याचा एसएस ३० दात आणि ३५ कपॅसिटीपर्यंत चालतो. लांब पिंजऱ्याचा जीएस ३४ दात आणि ३९ कपॅसिटीपर्यंत. म्हणजे ११-३४ साठी जीएस बरोब्बर पुरतो, एसएसला ११-३० हीच हद्द. तुमच्या मॉडेलचे आकडे कंपनीच्या साईटवर मिळतात. दुकानदाराच्या ‘बसून जाईल’ वर जाऊ नका.

पायरी ४: कमी खर्चापासून सुरुवात करा

१. मोठी कॅसेट: २८ वरून ३४ वर गेलात तर सगळ्यात हलका गिअर जवळपास १८ टक्के हलका होतो. स्पीडची संख्या मात्र शिफ्टरएवढीच हवी.

२. कॅसेट आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर: शिमानोच्या ८ आणि ९ स्पीड रोड शिफ्टरवर ९ स्पीडचा माउंटन डिरेलरही चालतो. १० स्पीडचा माउंटन डिरेलर रोड शिफ्टरवर चालत नाही, केबल ओढण्याचं माप वेगळं असतं.

३. क्रँक बदलणं: ५३/३९ असेल तर कॉम्पॅक्ट घेऊन मोठा फरक पडतो. ४६/३० दातांच्या क्रँकही येतात, पण शिमानो जीआरएक्सच्या क्रँकची चेनलाईन २.५ मिमी बाहेर असल्याने पुढचा डिरेलरही त्याच मालिकेचा लागतो. खर्च इथे वाढतो.

चेन विसरू नका

मोठी कॅसेट बसवली आणि चेन जुनीच ठेवली, तर पुढची मोठी आणि मागची मोठी चक्री एकत्र पडताच चेन ताणून डिरेलर वाकू किंवा तुटू शकतो. डिरेलरमधून न घालता या दोन्ही मोठ्या चक्र्यांवरून चेन गुंडाळा आणि त्यात दोन कड्या जादा ठेवा. नंतर बी-स्क्रूने वरची छोटी पुली मोठ्या चक्रीपासून थोडी लांब करा, नाहीतर खरखर सुरू होईल. हे सगळं स्टँडवर तपासा, घाटात नाही.

तोटा काय?

११-३४ मध्ये दोन गिअरमधलं अंतर वाढतं. अंबरनाथ-बदलापूरच्या सपाट रस्त्यावर ‘हा हलका, तो जड’ असं कधीकधी वाटेल. महिन्यातून एकदा तरी घाट चढत असाल तर हा सौदा परवडतो. सपाटावरच चालवत असाल तर २८ पुरेशी आहे.

थोडक्यात

दात मोजा, कपॅसिटी काढा, मग ऑर्डर करा. पुढच्या राइडला घाटातला वेग बघून वरचं सूत्र लावा. कॅडन्स ५० च्या खाली जात असेल तर तुम्हाला हलका गिअर हवा आहे. ६० च्या वर असेल तर पार्टचे पैसे ठेवा आणि ब्रेक पॅड तपासून घ्या, कारण जो घाट चढलात तोच उतरायचाही आहे.