शिशाचा सांधा आणि प्लंबरांची शाळा

'प्लंबर' हा शब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं, त्याच्या पोटांत एक धातु दडलेला आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. लॅटिन भाषेंत शिशाला 'प्लंबम्' म्हणतात. शिशाचें काम करणारा तो प्लंबर. हा कारागीर मूळचा पाण्याचा नव्हेच. इंग्लंडांतील मोठमोठ्या चर्चांच्या छपरांवर शिशाचे पत्रे अंथरावयाचे, पन्हळी बसवावयाच्या, हौद आंतून मढवावयाचे आणि त्याच हातानें एखादा नळहि जोडावयाचा, असा त्याचा व्यवसाय होता. लंडन शहरांतील या कारागिरांच्या संघाला १३६५ सालीं नियमावली मिळाली आणि १६११ सालीं पहिल्या जेम्स राजानें त्यास सनद दिली. शिक्षणाची रीत साधी होती. मुलानें उस्तादाकडे सात वर्षें उमेदवारी करावी, त्याच्या हाताकडे पाहत पाहत आपला हात तयार करावा आणि मग धंद्यास लागावें. पुस्तक नाहीं, फळा नाहीं. परीक्षा असलीच तर उस्तादाच्या डोळ्यांची. एवढ्यावर कित्येक शतकें निभावलीं. कारण प्लंबरानें काम वाईट केलें तर फार तर छप्पर गळे, माणूस मरत नसे.

एकोणिसाव्या शतकानें हा हिशेब पार बदलून टाकला. त्याचें बीज मात्र आधींच पेरलें गेलें होतें. १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग नांवाच्या लंडनमधील एका घड्याळजीनें शौचकूपाचें पेटंट घेतलें. त्यांत सांडपाण्याचा नळ नागमोडी वांकविलेला होता. त्या वांकांत थोडें पाणी नेहमीं साचून राही आणि तेंच दुर्गंधीला दार लावून घेई. तीन वर्षांनीं जोसेफ ब्रामा यानें त्यांत सुधारणा केली. श्रीमंतांच्या घरीं शौचकूप आले, मग मध्यमवर्गीयांच्या घरीं आले, आणि त्या सर्वांची घाण शेवटीं थेम्स नदीला जाऊन मिळूं लागली. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीची दुर्गंधि इतकी सुटली कीं, पार्लमेंटच्या सभासदांना सभागृहांत बसवेना. तेव्हां कोठें जोसेफ बाझलजेट या इंजिनिअराच्या हातून लंडनचीं तीं प्रसिद्ध भुयारी गटारें बांधलीं गेलीं. शहराच्या पोटांतील व्यवस्था उत्तम झाली खरी. पण रस्त्याखालच्या गटारापासून माडीवरच्या शौचकूपापर्यंतचे शेवटचे पन्नास हात कोणाचे? ते प्लंबराचे. ज्या नळानें घराची घाण गटारांत जाते, त्याच नळानें गटार घरांत येऊं शकतें, ही गोष्ट हळूहळू लोकांच्या लक्षांत येऊं लागली.

ती एकदम लक्षांत आली १८७१ सालीं. त्या वर्षीं इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढें जो सातवा एडवर्ड झाला तो, स्कार्बरो येथें एका उमरावाच्या वाड्यांत पाहुणा म्हणून उतरला होता. परतल्यावर त्याला विषमज्वर झाला. त्याच वाड्यांत उतरलेले चेस्टरफील्डचे अर्ल त्याच तापानें दगावले. युवराजाच्या पदरीं असलेला एक मोतद्दारहि गेला. युवराजाचे वडील ठीक दहा वर्षांपूर्वीं, १४ डिसेंबर १८६१ रोजीं, वारले होते आणि त्यांचा रोगहि विषमज्वरच असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. १८७१ चा १४ डिसेंबर उजाडला तेव्हां सारा देश श्वास रोखून बसला होता. युवराज त्यांतून वांचला. परंतु बोट दाखविलें गेलें तें वाड्याच्या मोऱ्यांकडे, आणि मोऱ्यांवरून तें वळलें प्लंबराकडे. राजवाड्यांतहि जें शिरतें तें आपल्या घरांत शिरणार नाहीं, असें कोण म्हणेल?

यानंतर घराघरांतील नळांची झडती सुरू झाली. लीड्स येथील शस्त्रवैद्य टी. प्रिजिन टील यांनीं १८७८ सालीं घरांतील आरोग्यघातक दोषांचें एक सचित्र पुस्तकच प्रसिद्ध केलें. घर मधोमध उभें कापल्यासारखें दाखवून नळ कोठें चुकला आहे, हें त्यांतील चित्रें सांगत. त्या काळच्या तपासण्यांत एक दोष वारंवार सांपडे. पिण्याच्या पाण्याच्या टांकीचा ओसंडा थेट मैल्याच्या नळाला जोडलेला असे. मोरी स्वयंपाकघराच्या फरशीखालून, तीहि उलट्या उतारानें नेलेली असे. नळाचा सांधा नुसता माती लिंपून बुजविलेला असे. यांतलें कोणतेंहि काम करतांना प्लंबरानें दुष्ट हेतु धरला नव्हता. त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें. उमेदवारीची जुनी पद्धति या सुमारास मोडकळीस आली होती. शहरें भराभर वाढत होतीं, घरें ठेक्यानें उठत होतीं, आणि सात वर्षें पोराला जवळ बसवून शिकविण्यास ना उस्तादाला वेळ होता, ना पोराला धीर. शिवाय उस्तादाला तरी हें नवें ज्ञान कोठून असणार? छपरावरचें शिसें त्याला ठाऊक होतें. नळांतील हवेचा दाब त्याच्या आज्यालाहि ठाऊक नव्हता.

एस. स्टीव्हन्स हेलियर हा स्वतः प्लंबर. १८७७ सालीं त्यानें आपल्या धंद्यावर पुस्तक लिहिलें, आणि प्लंबरांसाठीं दिलेलीं त्याचीं व्याख्यानें १८८२ सालीं छापलीं गेलीं. 'डी' अक्षराच्या आकाराचा जो शिशाचा सापळा तेव्हां घरोघर बसवीत, त्यावर त्याचा विशेष राग होता. त्याच्या कोपऱ्यांत मळ साचून राही आणि पाण्याच्या लोटानें तो कधींच धुतला जात नसे. धंद्यांतल्या माणसानें धंद्याचे दोष चारचौघांत बोलून दाखवावे, याला धैर्य लागतें. १८७८ सालीं लंडनच्या कारागीरसंघांनीं मिळून 'सिटी अँड गिल्ड्स' ही तांत्रिक शिक्षणाची संस्था स्थापन केली. १८८४ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, तेथें प्लंबरांच्या शिक्षणाचा प्रश्न परिषदेपुढें आला, आणि १८८६ पासून जुन्या प्लंबरसंघानें परीक्षा घेऊन लायक कारागिरांची नोंदवही ठेवण्यास आरंभ केला. पुढें १८९० सालीं दारूवरील वाढीव कराचा पैसा तांत्रिक शिक्षणाकडे वळविण्यांत आला. तो मूळचा, दुकानें बंद कराव्या लागणाऱ्या दारूविक्यांना भरपाई देण्यासाठीं योजलेला होता. पार्लमेंटांत त्यावर गदारोळ झाला आणि अशा रीतीनें गुत्त्यांचा पैसा संध्याकाळच्या शाळांना लाभला.

आतां प्रश्न उरला तो असा, कीं जी विद्या सात वर्षें उस्तादाच्या शेजारीं बसून हाताला येते, ती आठवड्यांतून दोन संध्याकाळीं वर्गांत शिकवितां येईल काय? नुसत्या व्याख्यानानें ती येणार नाहीं, हें उघड होतें. म्हणून वर्गांत बाकांच्या जागीं कामाचीं टेबलें आलीं, शेगडी आली, तिच्यावर डाखाचें भांडें चढलें, आणि शिक्षक खडू ठेवून पळी हातांत घेऊन उभा राहिला.

त्या वर्गाचा मुख्य पाठ म्हणजे पुसून केलेला सांधा. शिशाचे दोन नळ जोडावयाचे आहेत. एकाचें तोंड भोवऱ्यासारखा लाकडी ठोकळा ठोकून थोडें उमलवावयाचें, दुसऱ्याचें कानशीनें निमुळतें करून त्यांत बसवावयाचें. डाख जेथें चिकटावयास नको, तेथें काजळी व सरस यांचा लेप द्यावयाचा. जेथें चिकटावयास हवा, तेवढाच पट्टा खरवडणीनें चांदीसारखा लख्ख करून त्यावर लगेच चरबी फिरवावयाची. कारण उघड्या शिशाला हवा लागली कीं तें काळवंडतें आणि डाख त्याला धरीत नाहीं. मग दोन भाग शिसें व एक भाग कथील असा वितळलेला डाख पळीनें थोडा थोडा वरून सोडावयाचा आणि चरबी लावलेल्या जाड कापडाच्या घडीनें तो खालून झेलीत नळाभोंवतीं फिरवीत राहावयाचें. या मिश्रणाचा गुण असा कीं, तें एकदम गोठत नाहीं. सुमारें २५० अंशांपासून १८३ अंशांपर्यंत उतरत असतां तें मऊ लोण्यासारखें राहतें, आणि तेवढ्या अवधींत कारागिरानें आपलें काम उरकावयाचें असतें. हात घाईचा झाला तर डाख पातळ होऊन जमिनीवर पडतो. रेंगाळला तर गोळा होऊन बसतो. आणि नुसता डाखच जपून भागत नाहीं, कारण ज्या नळावर हें चाललें आहे तो नळहि ३२७ अंशांना वितळतो. भांड्याची आंच ओळखावयाची ती कागदाचा तुकडा बुडवून. कागद करपला पण पेटला नाहीं, म्हणजे डाख तयार. हें सर्व साधलें म्हणजे मधोमध फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता असा सुमारें तीन इंच लांबीचा गुळगुळीत सांधा तयार होतो. बाहेरून तो कितीहि सुंदर दिसला तरी आंत पोकळी राहिली आहे कीं नाहीं, हें तो उभा चिरल्याखेरीज कळत नाहीं. आडवा सांधा, उभा सांधा, फांटा फुटलेला सांधा, अशा पायऱ्या शिकाऊ माणसानें चढावयाच्या. पुस्तक वाचून यांतली एकहि पायरी चढतां येत नाहीं. तरी पण जें उस्तादाकडे सहज चुकूनमाकून कानीं पडे, तें येथें क्रमानें सांगितलें जाई, आणि चूक होतांच कां झाली हेंहि सांगितलें जाई. हा लाभ लहान नव्हता.

सांध्याच्या जोडीला 'कां' शिकविणारा दुसरा भाग होता. वरच्या मजल्यावर पाण्याचा लोट सोडला कीं तो खालीं जातांना नळांतील हवा ओढतो आणि खालच्या मजल्यावरील सापळ्यांत साचलेलें पाणी शोषून नेतो. दार मग उघडेंच राहतें. यास्तव प्रत्येक सापळ्याला हवेचा निराळा नळ द्यावा लागतो. नळ कोठें फुटका आहे हें शोधण्याची युक्ति तर मोठी गमतीची होती. छपरावरील नळाच्या तोंडांतून गरम पाण्याबरोबर पेपरमिंटचें तेल ओतावयाचें आणि दुसऱ्यानें घरांत खोलीखोलींतून हुंगत फिरावयाचें. जेथें वास आला तेथें भेग. ज्यानें तेल ओतलें त्यानें मात्र घरांत पाऊल टाकावयाचें नाहीं, नाहीं तर सारें घरच फुटकें ठरावयाचें.

गंमत अशी कीं, ज्या भीतीनें हा सारा खटाटोप झाला ती भीति बऱ्याच अंशीं चुकीची होती. गटारांतील दूषित वायूनें विषमज्वर होतो, असा त्या काळीं बहुतेकांचा समज होता. विल्यम बड या डॉक्टरानें रोग्याच्या विष्ठेतून, विशेषतः पाण्यावाटे, हा रोग पसरतो असें १८७३ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें, आणि १८८० सालीं एबर्ट यानें त्याच्या जंतूचें वर्णन केलें. तरी वायूची धास्ती पुष्कळ दिवस गेली नाहीं. पण वायु अडविण्यासाठीं जो सांधा घट्ट केला, त्यानें मैलाहि अडला. आणि टांकीचा ओसंडा मैल्याच्या नळापासून तोडला, त्यानें पिण्याचें पाणी वांचलें. कारण चुकीचें सांगितलें गेलें आणि काम बरोबर केलें गेलें, असें वैद्यकाच्या इतिहासांत फार वेळां घडत नाहीं.

या वर्गांत कोणी यावें, याचेंहि बंधन होतें. लंडनमधील अशा संध्याकाळच्या धंदेवर्गांत सामान्यतः त्या धंद्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच प्रवेश मिळे. हौशी लोक चार महिन्यांत अर्धवट शिकून आपली रोजी बुडवतील, ही कारागिरांची भीति समजण्यासारखी होती. त्यांची दुसरी मागणी, नोंदणी झालेल्यालाच काम करण्याचा कायदेशीर अधिकार असावा ही. तिचीं बिलें पार्लमेंटांत वारंवार आलीं आणि बारगळलीं. नोंदवही ऐच्छिकच राहिली. मुंबईचा इतिहास याबाबतींत निराळा आहे. विहार तलावाचें पाणी शहरांत १८६० सालीं आलें, तानसाचें १८९२ सालीं. आणि १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यांतच परवानाधारक प्लंबराची तरतूद करण्यांत आली. लंडनच्या कारागिरानें जें मागितलें व ज्याला पार्लमेंटनें नकार दिला, तें मुंबईच्या कायद्यांत तेव्हांच लिहिलेलें होतें. ब्रिटनमध्यें आजहि गॅसचें काम करणाऱ्यास नोंदणी सक्तीची आहे. पाण्याच्या नळाला हात लावणाऱ्यास तशी सक्ति नाहीं.

शिशाचें पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतां येईल. मऊ पाणी शिसें विरघळवितें. १८८० नंतरच्या दशकांत शेफील्ड शहरांत नळाच्या पाण्यानें लोकांना शिशाची विषबाधा झाली आणि ज्या धातूनें धंद्याला नांव दिलें त्याच्याकडेच संशयानें पाहण्याची पाळी आली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत तांब्याचे हलके नळ आले, नंतर प्लॅस्टिकचे आले. १९८० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें व अमेरिकेंत पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाचा डाख देण्यासहि बंदी झाली. सांधा पुसण्याची विद्या, जिच्यासाठीं शेगड्या पेटल्या व वर्ग भरले, ती घरांतून निघून गेली.

वर्ग मात्र राहिले, आणि त्यांचें दार आतां घरमालकांनाहि उघडें झालें आहे. ब्रिटनमध्यें दोन-तीन दिवसांचे असे अभ्यासक्रम चालतात, त्यांत कचेरींत काम करणारी बाई आणि पेन्शनर शेजारीं शेजारीं उभे राहून तांब्याचा नळ कापतात, स्प्रिंग घालून वांकवितात, पेंचाचा सांधा आवळतात. तोटी उघडून आंतील झिजलेली चकती बदलणें हा तेथील सोपा धडा. त्या तोटीची मूळ रचना रॉदरहॅमच्या एडवर्ड क्राइम्स यानें १८४५ सालीं पेटंट केलेली आहे. जुन्या घरांत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दाखवितात. मुख्य नळ जमिनींतून जेथें वर येतो, तेथें तो नाण्यानें हलकेच खरवडून पाहावयाचा. खालीं मऊ व चांदीसारखी चकाकी दिसली, तर तें शिसें आहे, आणि तो नळ बदलावयास हवा.