मागच्या रांगेतील गिटार

रॉक संगीताचे नाव काढले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. केस वाढवलेला एक तरुण रंगमंचाच्या अगदी कडेला आला आहे, मान मागे टाकून गिटारीवर बोटे धावडवीत आहे, आणि समोरची हजारो माणसे बेभान झाली आहेत. काहींच्या डोळ्यांपुढे हे चित्र उभे राहते आणि त्याच वेळी त्यांचे हात कानांवर जातात, हेही मला ठाऊक आहे. चित्र खोटे नाही; पण ते अर्धे आहे. दिव्यांच्या झोताबाहेर, ड्रमवाल्याच्या शेजारी, आणखी एक गिटारवाला उभा असतो. तो पुढे येत नाही. त्याचा हात तेवढा हालत असतो. तो हात थांबला, तर पुढच्या तरुणाची सारी कसरत क्षणात अधांतरी होईल. या दुसऱ्या माणसाला तिकडे ‘ऱ्हिदम गिटारिस्ट’ म्हणतात. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

आपल्या बैठकीत ठेका धरतो तबलजी, आणि सुरांची साथ देतो पेटीवाला. ही दोन्ही कामे हा गृहस्थ एका वाद्यावर करतो. डाव्या हाताने तो कॉर्ड धरतो, म्हणजे तीनचार स्वर एकदम उठावेत अशा बेताने तारा दाबतो. उजव्या हातातील नखीने तो काळाचे तुकडे पाडतो. पाहणाऱ्यांचे लक्ष नेहमी डाव्या हाताकडे असते, कारण चमत्कार तिथे दिसतात. परंतु रॉक संगीताचा इतिहास हा मुख्यतः उजव्या हाताचा इतिहास आहे, असे माझे मत आहे. ते सर्वांस पटावे असा आग्रह नाही. ऐकून घ्यावे, इतकीच विनंती.

हा इतिहास रॉकच्या जन्माआधीच सुरू होतो. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नाचाच्या वाद्यवृंदांत ताल धरण्याचे काम बॅन्जोकडे असे. कर्ण्यात वाजवून ध्वनिमुद्रण करण्याचे ते दिवस. बॅन्जोचा खणखणीत आवाज त्या कर्ण्याला मानवे. पुढे विजेचा मायक्रोफोन आला, गिटारीचा मऊ आवाजही तबकडीवर उमटू लागला, आणि थोड्याच वर्षांत बॅन्जो मागे पडला. काउंट बेसी यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात १९३७ साली फ्रेडी ग्रीन नावाचा तरुण गिटारवादक दाखल झाला. मधला थोडा काळ सोडला तर तो १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षे, त्याच जागी बसून होता. भोवती तुताऱ्या, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचा गदारोळ. याची गिटार मात्र विजेवाचूनची. एका मापात चार आघात, सारखे, शांत, न चुकता. स्वतंत्रपणे वाजवून टाळ्या घेण्याची संधी त्याने क्वचितच घेतली. जाणकार सांगतात की त्याची गिटार वेगळी अशी ऐकू येत नसे. पण तो नसला की संपूर्ण वृंद निराळा वाटे. साथीदाराची याहून मोठी पावती मला तरी ठाऊक नाही.

त्याच सुमारास, १९३९ साली, चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमन यांच्याकडे विजेची गिटार घेऊन आला आणि गिटार पुढच्या रांगेत आली. येथे वाट फुटली. एका वाटेने लोकांच्या तोंडी असलेली नावे गेली. आपण दुसऱ्या वाटेने जाऊ.

या वाटेवरचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे बो डिडली. मिसिसिपी राज्यात १९२८ साली जन्मलेला हा निग्रो मुलगा (त्या काळचा शब्द, आज तिकडे ‘कृष्णवर्णीय’ म्हणतात, आणि तेच योग्य) लहानपणीच शिकागोला आला. तेथे तो व्हायोलिन शिकला, आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर गिटार वाजवू लागला. १९५५ साली त्याची पहिली तबकडी निघाली. गाण्याचे नाव त्याचेच : ‘बो डिडली’. या गाण्यात कॉर्ड बदलण्याचा खटाटोप जवळजवळ नाहीच. एकच कॉर्ड धरून तो ताल हाणतो, वर विजेच्या युक्तीने गिटारीचा आवाज थरथरत ठेवतो, आणि शेजारी जेरोम ग्रीन खुळखुळे हालवीत असतो. संपला सारा सरंजाम!

तो ताल कसा आहे, हे आपणांस सहज समजेल, कारण सोळा मात्रा मोजण्याची सवय आपल्याला आहे. त्रितालासारख्या सोळा मात्रा मनात धरा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. तीन, तीन, चार, दोन, चार अशी ही विभागणी होय. पहिले तीन आघात नेहमीच्या चालीला आडवे जातात आणि उरलेले दोन तिला पुन्हा रुळावर आणतात. घरी जाताना हे करून पाहा; पाय आपोआप हालू लागतील.

हा ताल बो डिडलीने शून्यातून काढला असे नव्हे. क्यूबाच्या संगीतात तो ‘क्लावे’ या नावाने नांदत होता, आणि त्याची मुळे पश्चिम आफ्रिकेत आहेत. अमेरिकेत तो एका निराळ्या वाटेनेही टिकला. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. दुसऱ्या वर्षी तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांनी जो कायदा केला त्यात गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगण्यासही मनाई केली, कारण ढोलांवरून निरोप जातात ही त्यांची भीती. ढोल हिसकावून घेता येतात, देह हिसकावून घेता येत नाही. लोक मांड्या आणि छाती थोपटून ताल धरू लागले. दक्षिणेत या प्रकाराला पुढे ‘हॅम्बोन’ हे नाव पडले, आणि बो डिडलीचा ताल ऐकणाऱ्याला त्या थोपटण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्या चार्ल्स्टन शहराजवळ तो उठाव झाला, त्याच शहरात १९११ साली फ्रेडी ग्रीन जन्मला, ही गोष्ट मला जाताजाता सांगावीशी वाटते.

बो डिडलीच्या वृंदात १९५७ च्या सुमारास पेगी जोन्स ही तरुणी दुसरी गिटार घेऊन आली. ‘लेडी बो’ म्हणून ती ओळखली जाते. स्त्रीने विजेची गिटार घेऊन रॉकच्या वृंदात उभे राहणे ही त्या काळी तिकडेही नवलाची बाब होती. इतिहासाच्या पुस्तकांत तिला एखादे वाक्य मिळते. मीही तिला याहून जास्त जागा देत नाही, याचा खेद वाटतो.

पुढे काय झाले? १९५७ मध्ये बडी हॉली या गोऱ्या तरुणाने त्याच तालावर ‘नॉट फेड अवे’ हे गाणे रचले. १९६४ मध्ये इंग्लंडमधील रोलिंग स्टोन्सनी तेच गाणे पुन्हा गायिले आणि ते तेथील यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. १९८७ मध्ये जॉर्ज मायकेलने, १९८८ मध्ये यू-टू या आयरिश वृंदाने, आणि मध्ये आणखी किती जणांनी तो ताल वापरला याची मोजदाद नाही. या सर्वांपासून बो डिडलीला तालाबद्दल एक छदामही मिळाला नाही. कारण कायदा! शब्द आणि चाल यांना मालक असतो. साध्या ठेक्याला नसतो. मला बरे वाटले नाही, तरी कायद्याची बाजू समजते. उद्या केरव्याचा मालक कोणी निघाला तर आपली निम्मी गाणी बंद पडतील. क्लावे हा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा. तो एकट्याचा कसा मानावा? २०१५ साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने मार्व्हिन गे यांच्या एका जुन्या गाण्याच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा दोनशेहून अधिक संगीतकारांनी वरच्या न्यायालयापुढे हरकत घेतली, की अशाने चालीपेक्षा गाण्याची नुसती ढब मालकीची होईल. निकाल २०१८ मध्ये कायम झाला, वाद मिटलेला नाही. बो डिडली २००८ साली फ्लोरिडात वारला. दुसरे श्रीमंत झाले आणि आपण दार उघडून उभे राहिलो, ही त्याची तक्रार अखेरपर्यंत होती.

जिमी नोलनची हकीकत याहून कमी ऐकिवात आहे. ओक्लाहोमा सिटीचा हा वादक १९६५ साली जेम्स ब्राउनच्या वृंदात आला. ब्राउन हा मोठा कडक मालक. चूक झाली, बुटांना पॉलिश नसले, तरी वादकांना दंड करी. त्याच वर्षी फेब्रुवारीत शार्लट येथे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ हे गाणे मुद्रित झाले. त्यात मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि नोलनची गिटार एकटीच झरझर वाजून जाते. त्याची युक्ती अशी : उजवा हात सारखा, न थांबता, वरखाली चालू, डावा हात तारा घट्ट दाबत नाही, नुसता टेकवतो, आणि हव्या त्या क्षणी दाबून सोडतो. म्हणजे कोणता आघात बोलायचा आणि कोणता मुका ठेवायचा, हे डावा हात ठरवतो. तबल्यावर खुले आणि बंद बोल असतात, तसेच हे. त्या खरडण्याच्या आवाजावरून लोकांनी त्याला ‘चिकन स्क्रॅच’ म्हटले, कोंबडी माती उकरते तसे. ब्राउनने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे की त्या सुमारास त्याला सगळीच वाद्ये, गिटारसुद्धा, ढोलासारखी ऐकू येऊ लागली होती. दोनशे वर्षांपूर्वी हिसकावलेला ढोल गिटारीच्या रूपाने परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. फंक नावाचा संपूर्ण प्रकार या हातावर उभा आहे. गाण्यावर कर्ता म्हणून नाव एकट्या ब्राउनचे. नोलन १९८३ मध्ये, ४९ व्या वर्षी, अटलांटात हृदयविकाराने वारला.

मेम्फिसच्या स्टीव्ह क्रॉपरचे नशीब बरे. स्टॅक्स कंपनीच्या जुन्या सिनेमागृहातील स्टुडिओत दोन गोरे आणि दोन काळे वादक एकत्र बसत. त्या शहरात ही साधी गोष्ट नव्हती. क्रॉपर कमी वाजवी आणि नेमके वाजवी. तो गाणी रचण्यातही भागीदार असल्याने त्याचे नाव कागदावर राहिले. विल्सन पिकेट आणि एडी फ्लॉइड यांच्याबरोबर त्याने आपली दोन गाजलेली गाणी लॉरेन मोटेलमध्ये रचली. काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसता येईल अशा त्या शहरातील थोड्या जागांपैकी ती एक. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती त्याच मोटेलच्या सज्जात.

इंग्लंडकडे वळावयाचे तर जॉन लेनन याला त्याच्या आईने पहिल्या कॉर्ड बॅन्जोच्या पद्धतीने शिकवल्या. १९६३ च्या ‘ऑल माय लव्हिंग’ मध्ये त्याचा उजवा हात एका मात्रेत तीन आघात करीत धावतो. गाणे मॅकार्टनीचे, पण दम लेननचा. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने १९६८ नंतर गिटारीची सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच अशा लावल्या की काही न दाबताच पूर्ण कॉर्ड उठावी. ही लावणी मुळात पाच तारांच्या बॅन्जोची. आणि बॅन्जो हे आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचे वाद्य. स्टोन्समध्ये गिटारवाला ड्रमच्या मागे न जाता ड्रमवाला चार्ली वॉट्सच गिटारवाल्याच्या मागे जाई. त्यांच्या तालात जी किंचित डुलकी आहे ती त्यामुळेच.

शेवटी माल्कम यंग. ग्लासगोत १९५३ साली जन्मलेला हा मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर सिडनीला गेला. १९७३ मध्ये त्याने धाकटा भाऊ अँगस याला घेऊन एसी/डीसी हा वृंद काढला. अँगस शाळेच्या गणवेशात रंगमंचभर उड्या मारी. माल्कम मागे, ध्वनिवर्धकाशेजारी, आपल्या जुन्या ग्रेच गिटारीवर. तिच्यातील जास्तीची यंत्रे त्याने काढून टाकली होती, तारा मुद्दाम जाड लावल्या होत्या. वृंदातील जवळजवळ सर्व निर्णय त्याचे. १९८० मध्ये त्यांचा गायक बॉन स्कॉट अचानक वारला, आणि त्याच वर्षी ‘बॅक इन ब्लॅक’ निघाली. ती ऐका आणि आघातांमधील मोकळ्या जागा मोजा. वाजवण्याइतकेच न वाजवणेही माल्कमला साधले होते.

पुढे त्याला स्मृतिभ्रंश जडला. २००८ नंतरच्या दौऱ्यात स्वतःच रचलेल्या, तीस तीस वर्षे वाजवलेल्या चाली त्याला पुन्हा शिकाव्या लागत. शिकून तो रंगमंचावर उभा राही. २०१४ मध्ये त्याने वृंद सोडला आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही आला. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी माल्कम सिडनीत वारला. त्यानंतर तीन वर्षांनी वृंदाची नवी तबकडी निघाली. दोघा भावांनी पूर्वी जमवून ठेवलेल्या तुकड्यांतून अँगसने ती उभी केली होती. तिच्यातील प्रत्येक गाण्यावर कर्ते म्हणून दोन नावे छापली आहेत : अँगस यंग आणि माल्कम यंग.